तलावातील होडी आणि आभाळातील वीज

वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावच्या मनुष्याने होडीतून मासे धरणाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी बोलावे, हे ऐकून मुंबई-रत्नागिरीकडील श्रोत्यांना किंचित हसू आले तर त्यात त्यांचा दोष नाही. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. मालेगाव तालुक्याच्या या उंचवट्यावर पडलेल्या पावसाचे काही पाणी काटेपूर्णेच्या वाटेने पूर्णेस, पूर्णेतून तापीस व तेथून पश्चिम समुद्रास जाते. काही पैनगंगेच्या वाटेने वर्धेस व पुढे गोदावरीच्या खोऱ्यातून पूर्व समुद्रास मिळते. दोन समुद्रांना पाणी वाटून देणारे आम्ही लोक. आमच्यापाशी ते राहावे कसे? म्हणून बांध आले, धरणे आली. एकबुर्जी, सोनल, अडाण, शेजारच्या अकोला जिल्ह्यातील महानचा काटेपूर्णा जलाशय, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव झालेले पाझर तलाव. पाणी साठले तेथे मासा आला, आणि मासा आला तेथे जाळे घेऊन भोई गेला. आज आमच्याकडील तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात, सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, आणि डोंग्यांवर, होड्यांवर, पुष्कळदा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून माणसे पाण्यात जातात. सुटीच्या दिवशी शहरांतून गळ व काठी घेऊन येणारे हौशी गृहस्थही आता दिसू लागले आहेत. कुटुंबाला घेऊन होडीत बसण्याची हौस तर सर्वांनाच.

समुद्रावरच्या कोळ्याला वादळाचा धाक पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. बंदरावर बावटा चढला की होड्या आत येतात. जून व जुलै या दोन महिन्यांत तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी कायद्यानेच बंद असते. तलावाला बंदर नाही, बावटा नाही. आणि समोर काठ दिसत असल्यामुळे भीतीही नाही. "हा काय, इथे तर आहे काठ," हे वाक्य तलावावर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आजच्या भाषणाचा विषय तेच वाक्य म्हटले तरी चालेल. काठ दिसतो हे खरे. तो किती मिनिटांवर आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

शाळेत काळ, काम आणि वेग यांची उदाहरणे मुलांकडून सोडवून घेण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा आज श्रोत्यांपुढेही एक उदाहरण मांडतो. पाटीपेन्सिलीची गरज पडणार नाही. वीज चमकते आणि मागाहून गडगडाट ऐकू येतो. प्रकाश तत्काळ येतो, ध्वनीला एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. घड्याळ नसेल तर मुलांना मी सांगत असे की, चमक दिसताच "एक पांडुरंग, दोन पांडुरंग" असे स्वस्थपणे मोजीत जावे. एका पांडुरंगास एक सेकंद होतो. तीस पांडुरंग झाले आणि मग गडगडाट आला, तर वीज दहा किलोमीटरांवर पडली असे समजावे. आता दहा किलोमीटर म्हणजे पुष्कळ लांब, असे कोणासही वाटेल. परंतु वळवाचा ढग ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने सहज सरकतो. म्हणजे तो डोक्यावर येण्यास पंधरा ते वीस मिनिटे. इकडे वल्ह्याने चालणारी होडी ताशी तीन-चार किलोमीटर जाते. काठ एक किलोमीटर असेल तर तिलाही पंधरा ते वीस मिनिटेच लागणार. उत्तर बरोबरीचे आले! आणि या उदाहरणात जाळे ओढण्याचा वेळ आपण धरलेलाच नाही.

सगळी गोम या जाळ्यात आहे. पसरलेले जाळे गोळा करावयास अर्धा तास लागतो, वारा असेल तर त्याहून अधिक. जाळे म्हणजे भोयाचे भांडवल. पुष्कळदा ते उसनवारीने घेतलेले असते. त्याला काठावर उभे राहून "जाळे टाकून पळ" असे सांगणे पगारी अथवा पेन्शनर माणसास फार सोपे जाते. मीही पेन्शनर आहे. म्हणून या ठिकाणी जरा जपून बोलतो. जाळे सोडून यावे असे माझेही म्हणणे आहे, परंतु जाळे बुडवून यावे असे नाही. दोरीच्या दोन्ही टोकांना रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या अथवा थर्मोकोलचे ठोकळे अगोदरच बांधून ठेविले असले, आणि एका टोकास दगडाचा नांगर असला, तर वादळ गेल्यावर जाळे पुष्कळदा तेथल्या तेथेच सापडते. थोडे फाटेल, थोडे गुंतेल. ते घरी बसून दुरुस्त करता येते. ही तयारी मात्र घरून निघतानाच करावयाची असते. ढग डोक्यावर आल्यावर बाटल्या कोण बांधीत बसणार?

या व्यवसायाच्या वेळेतच एक अडचण आहे. तलावातील मासेमारीत बहुधा सायंकाळी जाळी लावून ठेवतात आणि पहाटे काढतात. आमच्याकडे चैत्र-वैशाखातील वळीव, मृगाच्या आरंभीचा पाऊस, आणि पुढे हस्त-चित्रा नक्षत्रांतील परतीचा पाऊस, हे तिन्ही मुख्यतः दुपारी तीननंतर गडगडतात. दिवसभर जमीन तापते, तापलेली दमट हवा वर चढते, आणि तिचे ढग होऊन ते फुटण्याची वेळ दुपारनंतरची ते पहिल्या रात्रीपर्यंतची. म्हणजे जाळे लावण्याची वेळ आणि वीज पडण्याची वेळ नेमकी एकच. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि दसऱ्याच्या आगेमागे ज्या दिवशी सकाळपासून घामाच्या धारा लागतात व वारा पडलेला असतो, त्या दिवशी जाळी दुपारी दोनच्या आत लावून परतावे, किंवा त्या दिवसापुरते काठाजवळच्या पाण्यावर समाधान मानावे. पहाटेची खेप बहुधा निर्धोक असते. बहुधा म्हणतो, नेहमी म्हणत नाही.

आता ढगाकडे वळू. साधा पांढरा ढग कापसाच्या बोंडासारखा दिसतो. तो फुलकोबीच्या गड्ड्याप्रमाणे वर वर चढू लागला, त्याचे बूड काळेभोर व सपाट झाले, आणि पुढे त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीप्रमाणे एका बाजूस पसरला, की तो गर्जन्मेघ झाला असे समजावे. त्याची उंची बारा-पंधरा किलोमीटरांपर्यंत जाते. इतक्या उंचीवर, वैशाखातही, पाण्याचे बर्फ होते. बर्फाचे बारीक कण वर चढत असतात, गारांचे जड गोळे खाली येत असतात, आणि त्यांच्या घासाघाशीत एकावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युत साठत जाते. ढगाचा माथा धन, बूड ऋण. हा ताण हवेला असह्य झाला म्हणजे ठिणगी पडते. ती ठिणगी म्हणजेच वीज. तिच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि ती हवा एकदम फुगते तो गडगडाट. बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ साली आभाळातील वीज आणि यंत्रातील वीज एकच आहे हे दाखवून दिले. पुढल्याच वर्षी, १७५३ साली, रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे रिशमन नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करीत असता विजेच्या तडाख्याने मरण पावला. विजेने विद्वान आणि अडाणी असा भेद तेव्हाही केला नाही.

या ठिणगीविषयी एक गोष्ट होडीतल्या माणसाने विशेष ध्यानात ठेवावी. वीज पाऊस पडत असेल तेथेच पडते, असे नाही. ढगाच्या माथ्यापासून निघालेली वीज ढग ओलांडून दहा-पंधरा किलोमीटर दूर, जेथे डोक्यावर निळे आकाश आहे तेथेही, पडू शकते. गडगडाट साधारणपणे ऐकू येतो तोही एवढ्याच अंतरावरून. तेव्हा हिशेब अगदी सरळ होतो. गडगडाट कानी आला की आपण त्या ढगाच्या हाताच्या टप्प्यात आहो. मघाचे तीस पांडुरंग मी सांगितले ते समजुतीसाठी. तलावातील माणसाने मोजीत न बसता पहिल्या गडगडाटासच होडी वळवावी. मोजणी गच्चीवर उभ्या असलेल्यांसाठी ठीक आहे, आणि खरे म्हणजे त्यांनीही ती खोलीत जाऊन करावी.

पाण्यावरच हा धोका अधिक का? तर वीज खाली येताना जमिनीवरच्या उंच वस्तूंकडे तिचा ओढा असतो. गावात घरे आहेत, झाडे आहेत, मनोरे आहेत. तलावाच्या सपाट पाटावर काय आहे? होडी, आणि होडीत ताठ बसलेला अथवा उभा असलेला मनुष्य. चौफेर मैलभर त्याच्याहून उंच असे काही नसते. त्याच्या हातात काठी असेल तर त्याची उंची आणखी वाढते. आजकाल हौशी लोक कार्बनच्या धाग्याची हलकी काठी वापरतात. ती वीज उत्तम वाहते. बांबूची काठी बरी असे कोणी म्हणेल, परंतु पावसाने भिजलेला बांबूही विजेला वाट देतोच. काही नव्या तलावांत बुडालेल्या बाभळीची वाळकी खोडे पाण्याबाहेर उभी असतात. वारा सुटला की होडी त्यांना बांधून ठेवण्याचा मोह होतो. खुल्या माळरानावरील एकट्या झाडाखाली उभे राहण्यासारखेच ते आहे.

शाळेत एका मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, तलावात वीज पडली तर सगळे मासे का मरत नाहीत?" प्रश्न फार चांगला होता. विजेचा प्रवाह पाण्यात शिरल्यावर मुख्यतः पृष्ठभागालगत चोहीकडे पसरतो; खोल असलेल्या माशांपर्यंत तो फारसा पोहोचत नाही. परंतु याच कारणाने पृष्ठभागावर असलेला प्राणी, म्हणजे पोहणारा मनुष्य, कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला मनुष्य, तराफ्यावर बसून पाण्यात पाय सोडलेला मनुष्य, हा थेट वीज अंगावर न पडताही त्या प्रवाहात सापडतो. मासा खाली सुखरूप आणि त्याला धरणारा वर संकटात, असा हा विलक्षण न्याय आहे.

येथवर विजेचे झाले. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे की, छोट्या होडीला विजेपेक्षाही वाऱ्याचे भय अधिक मानावे. ढगात पाऊस पडू लागला म्हणजे त्याच्याबरोबर थंड हवेचा लोंढा खाली कोसळतो, आणि जमिनीवर आपटून चोहीकडे पसरतो. पाऊस येण्यापूर्वी जो गार वारा सुटतो आणि आपण "अहाहा" म्हणून अंगणात येतो, तोच हा वारा. अंगणात तो सुखाचा असतो. तलावावर त्याला अडवावयास काहीच नसते. पाच-दहा मिनिटांत तो पाण्याच्या लाटा करितो, आणि तलाव जितका लांब तितक्या त्या मोठ्या होतात. आमच्याकडील डोंग्याचा काठ पाण्याबाहेर वीतभर असतो. दोन लाटा आत आल्या की डोंगा जड होतो, तिसऱ्या लाटेला तो वर उचलला जात नाही.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी सोलापूर जिल्ह्यातील कुगावहून पुणे जिल्ह्यातील कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या जलाशयात अशाच वादळी वाऱ्यात सापडून उलटली. तीत सात माणसे होती. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, आणि त्यांत दोन लहान मुले होती. ही मासेमारीची बोट नव्हती, नेहमीच्या रस्त्याने जाणारी प्रवाशांची बोट होती. आणि तो रस्ता त्या गावांना नवा नव्हता. वैशाख महिना, सायंकाळ, ओळखीचे पाणी. मघापासून मी जे सांगत आहे त्यातील एकही गोष्ट तेथे कमी नव्हती.

म्हणून होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेट अंगावर असावे. होडीच्या बुडाशी घडी करून ठेविलेले जॅकेट वाऱ्याच्या वेळी अंगात चढविता येत नाही. "आम्हाला पोहता येते" हे उत्तर मला ठाऊक आहे. लाटांत, अंगावर ओले कपडे असताना, पायांत जाळे गुंतलेले असताना पोहणे ही वेगळी विद्या आहे. ज्याला जॅकेट घेण्याची ऐपत नाही त्याने निदान पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, बुचे घट्ट लावून, दोरीने छातीशी बांधावेत. विहिरीत पोहावयास शिकणारी आमच्याकडील मुले कॅन अशीच बांधतात. दोन कॅन मिळून सुमारे दहा किलो भार तोलून धरतात, आणि पाण्यात बुडू पाहणाऱ्या माणसाचे डोके वर ठेवण्यास तेवढा आधार पुरतो. जॅकेटाची सर त्याला येत नाही. बेशुद्ध माणसाचे तोंड कॅन वर ठेवीत नाहीत. परंतु काहीच नसण्यापेक्षा ते शतपट बरे.

आता इशारा कोठून मिळावा? पुण्यास १९६२ साली स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था आहे. विजा कोठे पडत आहेत हे टिपणारी यंत्रे तिने देशात ठिकठिकाणी बसविली आहेत, आणि त्यांच्या आधारे "दामिनी" नावाचे मोबाइलवरील ॲप चालविले आहे. आपल्या जागेपासून वीस व चाळीस किलोमीटरांच्या आत वीज पडत असेल तर ते सूचना देते. चाळीस किलोमीटर हे अंतर मघाच्या आपल्या उदाहरणात घालून पाहा. पंधरा मिनिटांच्या जागी तासभर मिळतो. तेवढ्यात होडी तर येतेच, जाळेही येते! ज्याच्या खिशात असा मोबाइल आहे त्याने हे ॲप घेतले नाही तर मला नवल वाटेल. मोबाइलमुळे वीज अंगावर येते अशी एक समजूत पसरली आहे, तिला आधार नाही. तारेने भिंतीला जोडलेल्या दूरध्वनीची गोष्ट निराळी. तो कडकडाटात कानाला लावू नये.

जेथे मोबाइलला रेंज नसते, आणि तलाव बहुधा अशाच ठिकाणी असतात, तेथे आपला जुना रेडिओ उपयोगी पडतो. मध्यम लहरींवर कार्यक्रम ऐकत असता मधूनच जी कडकड, खरखर होते ती पुष्कळदा दूरच्या विजेचीच असते. खरखर वाढत चालली की ढग जवळ येत आहे. हे भाषण जर कोणी अशा रेडिओवर ऐकत असतील आणि माझे शब्द मधून मधून तुटत असतील, तर त्यांनी एकवार खिडकीबाहेर पाहावे.

परंतु ॲप आणि रेडिओ यांवर सारा भार टाकण्याऐवजी तलावाच्या काठी बंदराप्रमाणे बावटा का असू नये, हे मला आजवर कळलेले नाही. प्रत्येक तलावावर कोणती तरी संस्था आहे, बहुतेक ठिकाणी पाळीचा राखणदारही आहे. एक बांबू, एक तांबडे फडके आणि एक पितळी घंटा, एवढाच खर्च. जाळ्यात गुंतलेला मनुष्य खाली पाहत असतो; त्याला पाठीमागचा ढग दिसत नाही. काठावरच्या माणसाला तो दिसतो. घंटा वाजली की सर्वांनी परत यावयाचे, एकाने मागे राहून इतरांच्या जाळ्यांतील मासळीवर डोळा ठेवावयाचा नाही, असा नियम संस्थेने एकदा केला की "मी आलो आणि तो राहिला" ही रुखरुख उरत नाही. माणसे पुष्कळदा विजेला भितातच. परंतु शेजाऱ्याच्या आधी परत येण्याची त्यांना लाज वाटते.

एवढे करूनही कोणी मध्येच सापडला, तर त्याने आपल्या नेहमीच्या घाटाकडे न जाता जो काठ जवळ असेल तिकडे जावे. घर, मोटारसायकल, मासळीची पेटी पलीकडच्या काठाला असली तरी असो. होडीत कोणी उभे राहू नये. काठी, बांबू, छत्री आडवी करून खाली ठेवावी. लाट होडीच्या कुशीवर घेऊ नये. नाळ लाटेकडे थोडी तिरपी धरावी म्हणजे पाणी आत कमी येते. वीज अगदी डोक्यावर कडाडू लागली आणि काठ अद्याप दूर असला तर सर्वांनी होडीच्या तळाशी, एकमेकांस न चिकटता, अंग आखडून बसावे. हातपाय पाण्याबाहेर असावेत, आणि लोखंडी नांगर, साखळी, इंजिन यांना स्पर्श नसावा. होडी उलटली तर? तर पालथ्या होडीस धरून राहावे. विजेच्या भीतीने होडी सोडून पोहत सुटणे हा अविचार आहे. त्या क्षणी बुडण्याचे संकट विजेपेक्षा जवळचे असते. पालथी होडी दुरून दिसते, माणसाचे डोके दिसत नाही.

काठाला लागल्यावर "सुटलो" म्हणून पाण्याच्या कडेलाच होडी ओढीत उभे राहणारे पुष्कळ. पाय फाकून ओल्या चिखलात उभे राहिले असता जवळपास पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतून एका पायाने चढतो व दुसऱ्याने उतरतो. गुरे विजेने अधिक मरतात त्याचे एक कारण हेच, त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठे असते. होडी सोडून द्यावी आणि पक्क्या घरात किंवा वरून बंद असलेल्या मोटारीत, काचा लावून, बसावे. ऑटोरिक्षा, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांचा येथे उपयोग नाही. चारी बाजूंनी उघडी टिनाची शेड, लहानसा उघडा मंडप, आंब्याचे झाड, शेताचे तारेचे कुंपण, ही सर्व टाळावीत. काहीच नसेल तर सखल जागी, दोन्ही पाय जुळवून, उकिडवे बसावे. आडवे पडू नये. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास पाण्याकडे फिरकू नये. ढग पुढे सरकल्यावर त्याच्या शेपटातून पडणारी वीज पुष्कळांना घेऊन गेली आहे, कारण तोवर ऊन पडलेले असते आणि जाळे डोळ्यांपुढे तरंगत असते.

पायाळू माणसाला वीज ओढून घेते, अशी समजूत आमच्याकडे अजून आहे, आणि तिचे दुसरे टोक पहिल्यापेक्षा घातक आहे. जो पायाळू नाही तो स्वतःला निर्भय समजतो! आईच्या पोटातून पाय आधी आले की डोके, याची वीज चौकशी करीत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसे गेली. त्यांत बहुसंख्य शेतात, रानात, उघड्यावर काम करणारी. ती सारी पायाळू होती असे कोणी म्हणू धजेल काय?

याहून वाईट समजूत अशी की, विजेने पडलेल्या माणसास हात लावू नये, त्याच्या अंगात वीज असते. त्याच्या अंगात वीज मुळीच राहत नाही. विजेचा तडाखा बसलेल्यांपैकी बहुतेक जण जगतात, दहांत नऊ जगतात म्हणावयास हरकत नाही. जे दगावतात ते हृदय अथवा श्वास थांबून. पुष्कळदा पहिल्या काही मिनिटांत कोणी हात लावला असता तर ते वाचले असते. देशाच्या काही भागांत अशा माणसास शेणात पुरून ठेवतात. त्यात मोलाची मिनिटे जातात, दुसरे काही साधत नाही. एकाच वेळी अनेक जण पडले असतील तर जो कण्हतो आहे, बोलतो आहे, त्याच्याकडे मागाहून जावे. जो निपचित पडला आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे प्रथम धावावे. इतर अपघातांतील रीत येथे उलटी होते. त्याला कोरड्या, कठीण जमिनीवर उताणे निजवावे, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर न वाकविता, दर मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, छाती दोन इंच दबेल इतक्या जोराने दाबीत राहावे. पाण्यातून काढलेला असेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत. दुसऱ्या कोणी तोवर १०८ क्रमांकावर फोन करावा. एकजण थकला की दुसऱ्याने हात द्यावा, मध्ये खंड पडू देऊ नये. गाडी येईपर्यंत हेच करीत राहावयाचे आहे.

आणि जो उठून बसला, "मला काही झाले नाही" म्हणून घरी निघाला, त्यालाही दवाखान्यात न्यावे. कडकडाटाने कानाचा पडदा फाटलेला असतो तो त्याला त्या वेळी समजत नाही, आणि हृदयाची चाल काही तासांनीही बिघडू शकते. त्याची होडी व जाळे आणावयास दुसऱ्या कोणी, दुसऱ्या दिवशी सकाळी, जावे.